पासपोर्ट अडतो तो गावातल्या कागदांवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावची मुले-मुली आता नर्सिंग, जहाजावरची नोकरी, आखातातले वेल्डिंग-फिटिंग, परदेशातले शिक्षण अशा कारणांसाठी पासपोर्ट काढू लागली आहेत. हज-उमराला जाणारे, परदेशातल्या लेकीच्या बाळंतपणाला जाणारे आईवडीलही आहेत. २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाली आणि पुणे, मुंबई, नागपूरची खेप अनेकांची वाचली. तरीही जिल्ह्याच्या गावापर्यंत एसटीने जाऊन, दिवसाची मजुरी बुडवून माणसे रिकाम्या हाती परत येतात. केंद्रातल्या खिडकीवर राग काढला जातो, पण परत फिरण्याचे कारण बहुतेक वेळा आपल्याच पिशवीतल्या कागदांत असते. ते गावातच आणि अपॉइंटमेंट घेण्याआधीच दुरुस्त होऊ शकते. गावपातळीवर हे अर्ज भरून देताना तेच ते घोटाळे पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून हे सविस्तर पत्र.

सगळ्यात मोठा घोटाळा नावाचा. शाळेच्या दाखल्यावर ‘शिंदे बाळू मारुती’, आधारवर ‘बाळासाहेब मारुती शिंदे’, पॅनवर ‘बाळासाहेब एम शिंदे’ असे असते. गावात तिन्ही नावांचा माणूस एकच हे सगळ्यांना ठाऊक असते, पण संगणकाला आणि तपासणी अधिकाऱ्याला ती तीन माणसे वाटतात. इंग्रजी स्पेलिंगचे तर विचारूच नका. वैशालीचे पहिले अक्षर एका कागदावर ‘व्ही’ आणि दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’, भाऊसाहेब एकीकडे जोडून आणि दुसरीकडे मध्ये जागा सोडून. अर्ज भरण्याआधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवावेत आणि बोट ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावे. दहावीचे प्रमाणपत्र असेल तर ते मूळ धरावे आणि आधार-पॅन त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. उलटे करायला जाऊ नये, कारण मंडळाच्या प्रमाणपत्रातली दुरुस्ती सर्वांत अवघड आणि वेळखाऊ असते.

अर्जात नावासाठी दोन रकाने असतात. ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचे नाव आणि त्यापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव, तर ‘सरनेम’मध्ये फक्त आडनाव. आपल्याकडे दाखल्यावर आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते. तेच पाहून भरले की आडनाव पहिल्या रकान्यात जाते आणि नाव दुसऱ्यात. आद्याक्षरे चालत नाहीत, नाव पूर्ण लिहावे लागते.

विवाहित बायकांच्या बाबतीत हा गुंता दुप्पट होतो. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा पासपोर्टचा कोणताही नियम नाही. माहेरच्या नावाने पासपोर्ट काढता येतो, पण मग आधारही त्या नावाचे हवे. सासरचे नाव हवे असेल तर विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवणे सर्वांत सोयीचे. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार ग्रामपंचायत हद्दीत ग्रामसेवकच विवाह निबंधक असतात, त्यामुळे हे काम गावातच होते. लग्न दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे असले तरी नोंदणी होते. त्यासाठी लग्नपत्रिका, दोघांचे वयाचे पुरावे आणि साक्षीदार तयार ठेवावेत.

आता जन्मतारीख. आपल्या खेड्यांत १ जूनला जन्मलेली माणसे किती आहेत, हे शाळेचे जनरल रजिस्टर उघडले की कळते. पूर्वी पहिलीत नाव घालताना पालकांना तारीख सांगता आली नाही, की गुरुजी वय बसेल अशा बेताने १ जून टाकत. त्याच माणसाची जन्मनोंद ग्रामपंचायतीत वेगळ्या तारखेची सापडते. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी आता जन्माचा दाखला हाच एकमेव पुरावा चालतो. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, पॅन, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र असे पर्याय आहेत. यातला कोणता कागद द्यायचा हे आपण ठरवायचे, मात्र उरलेल्या कागदांवरही तीच तारीख हवी. जन्मदाखला एका तारखेचा आणि दहावीचे प्रमाणपत्र दुसऱ्या तारखेचे असे दोन्ही एकदम पुढे केले, तर अधिकारी हरकत घेणारच. आणि एकदा पासपोर्टवर छापलेली तारीख बदलून घेणे हे फार मोठे काम आहे, तेव्हा ‘आधी निघू दे, मग बघू’ असे करू नये.

लहान मुलांच्या जन्मदाखल्यावर अनेकदा बाळाचे नावच नसते. दवाखान्यातून किंवा घरून जन्माची वर्दी २१ दिवसांत दिली जाते, बारसे नंतर होते आणि नाव घालायचे राहून जाते. पहिल्या वर्षात नाव फुकट घालता येते. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. जन्माची नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटले असेल, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्यात महिने जातात. जुन्या माणसांच्या नोंदी शोधायच्या असतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल मागावी. ग्रामपंचायतीत ‘रेकॉर्ड नाही’ असे उत्तर मिळाल्यावर बरेच जण तिथेच थांबतात.

दहावी पास असाल तर ते प्रमाणपत्र बरोबर न्यायचेच, मग जन्मतारखेचा पुरावा दुसरा देणार असाल तरीही. दहावी किंवा त्यापुढे शिकल्याचा कागद नसेल तर पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक) अशी नोंद पडते आणि सौदी, कुवेत, कतार, ओमान, अमिरातीसह १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी परवानगी काढावी लागते. कोकणातून आखातात जाणारी पोरे ‘ईसीएनआर आहे का’, म्हणजे ही तपासणी लागत नाही ना, असे पहिल्यांदा विचारतात ते याचसाठी. प्रमाणपत्र घरात सापडत नव्हते एवढ्या कारणाने दहावी पास मुलाला ही नोंद पडू नये. हरवले असेल तर विभागीय मंडळाकडून दुय्यम प्रत मिळते, ती आधी काढावी. वयाची पन्नाशी उलटलेल्यांना आणि १८ वर्षांखालील मुलांना ही नोंद लागत नाही.

पत्त्याचा पुरावा ही खास खेड्यातली अडचण आहे. वीजबिल आजोबांच्या नावाचे असते, आजोबा जाऊन वीस वर्षे झाली तरी मीटर बदललेला नसतो. ते बिल नातवाच्या कामाचे नाही. गॅस जोडणी बहुतेक घरांत बाईच्या नावाची, विशेषतः उज्ज्वला योजनेतली. तो पुरावा तिला उपयोगी पडतो. बँकेचे फोटो असलेले पासबुक चालते, पण राष्ट्रीयीकृत, खासगी शेड्यूल्ड किंवा ग्रामीण बँकेचेच. इथे फसगत होते. गावातले खाते सहसा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत असते, ऊसबिल आणि पीककर्ज तिथेच, म्हणून लोक तेच पासबुक घेऊन जातात, आणि ते यादीत बसत नाही. ग्रामीण बँक आणि जिल्हा बँक यांतला हा फरक आधी लक्षात घ्यावा. रेशनकार्डाच्या भरवशावर तर जाऊच नये. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे आधारवरचा पत्ता बरोबर करून घेणे: वाडी किंवा वस्तीचे नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड. घराला नंबर नसतो असे वाटते, पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, मिळकत क्रमांक असतो. तो अर्जात घरक्रमांकाच्या जागी लिहावा.

पत्त्याखालीच पोलीस ठाणे निवडायचा रकाना येतो, आणि तिथे घाईने क्लिक केले की पुढचे दोन महिने वाया जातात. अर्ज ज्या ठाण्याकडे जाईल तेच ठाणे पडताळणी करते. गाव त्यांच्या हद्दीत नसेल तर ‘या पत्त्यावर राहत नाही’ किंवा ‘हद्दीबाहेर’ असा शेरा येतो. गावाजवळ जे पोलीस दूरक्षेत्र (चौकी) असते तेच लोकांना ठाणे वाटते, पण यादीत दूरक्षेत्रे नसतात, ती ज्या ठाण्याखाली येतात ते ठाणे असते. शिवाय हद्दी बदलत असतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवड आयुक्तालय झाले तेव्हा चाकण, आळंदी, तळेगाव दाभाडे ही ठाणी पुणे ग्रामीणमधून तिकडे गेली. २०२१ मध्ये लोणी काळभोर आणि लोणीकंद पुणे शहराकडे गेली. अशा भागातल्या माणसाने जुन्या आठवणीवर ‘पुणे ग्रामीण’ निवडले तर कागद चुकीच्या दारात पडतो. पोलीस पाटलांना एक फोन केला की खात्री होते.

अर्ज कुठे भरायचा हेही सांगितले पाहिजे. सरकारी संकेतस्थळाच्या नावाचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असाच आहे. शोधयंत्रात पहिल्यांदा दिसणाऱ्या भलत्याच नावांच्या जागा खऱ्या नाहीत, तिथे पैसे भरले तर गेलेच. ‘एमपासपोर्ट सेवा’ हे सरकारी ॲप मोबाइलवरही चालते. प्रौढांसाठी ३६ पानी, १० वर्षांच्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये, ६० पानी हवा असेल तर २,००० रुपये. तत्काळसाठी आणखी २,००० रुपये. १८ वर्षांखालील मुलांसाठी १,००० रुपये. साठीच्या वरच्यांना आणि ८ वर्षांखालच्या मुलांना नव्या साध्या अर्जात १० टक्के सूट आहे, म्हणजे आजीच्या अर्जाला १,३५० रुपये लागतात. फॉर्म भरून देणारा गावातला सेवा केंद्रवाला त्याचे वेगळे पैसे घेतो ते समजण्यासारखे आहे, पण सरकारी शुल्काची पावती वेगळी मागून घ्यावी.

फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: मोबाइल क्रमांक स्वतःचा द्यावा. घाईत केंद्रचालक स्वतःचा क्रमांक आणि ईमेल टाकतो. मग अपॉइंटमेंटचा संदेश, पोलीस पडताळणीचा संदेश, स्पीड पोस्टचा संदेश, सगळे त्याच्याकडे जातात आणि अर्जदाराला पत्ताच नसतो. लॉगिन आणि पासवर्डही आपल्या वहीत लिहून घ्यावा. अपॉइंटमेंट वर्षभरात तीन वेळा बदलता येते, पण त्यासाठी लॉगिन हाती हवे. वर्ष उलटले की शुल्क बुडते, ते परत मिळत नाही.

कागद जुळत नसताना तत्काळमध्ये उडी घेणाऱ्यांचेही नुकसानच होते. तत्काळमुळे रांग लवकर सरकते, नावातला फरक मिटत नाही. उलट जास्तीचे पैसे भरून तीच हरकत पदरी पडते.

केंद्रावर जाताना मूळ कागद आणि प्रत्येकाची एक झेरॉक्स, त्यावर स्वतःची सही. फोटो तिथेच काढतात, मागे पांढरा पडदा असतो, म्हणून पांढरा सदरा घालून जाऊ नये, गडद रंगाचा घालावा. टोपी काढावी लागते. चार वर्षांखालच्या मुलाचा मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो बरोबर न्यावा. बोटांचे ठसे घेतात तेव्हा ऊसतोड, वीटभट्टी, गवंडीकाम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र पुन्हा पुन्हा नाकारते. आठवडाभर आधीपासून रात्री बोटांना तेल चोळावे, मेंदी लावू नये, जखम असेल तर ती बरी होईपर्यंत तारीख पुढे घ्यावी.

अठराखालच्या मुलाच्या अर्जाला दोन्ही पालकांची संमती लागते. ती ‘परिशिष्ट डी’ या नमुन्यात साध्या कागदावर लिहून सही करायची असते. स्टॅम्प पेपर किंवा नोटरी लागत नाही, २०१६ च्या डिसेंबरपासून ही जाचक अट गेली आहे. तरी काही ठिकाणी अजूनही बाँडवर लिहून घेऊन लोकांकडून दोन-पाचशे रुपये काढले जातात. एकच पालक सही करू शकत असेल तर ‘परिशिष्ट सी’ आहे. वडील सोडून गेलेत, फारकत झालेली नाही, अशा आईने त्यासाठी कुणापुढे हात जोडायची गरज नाही.

पोलीस पडताळणीबद्दल गावात सर्वांत जास्त भीती आहे आणि सर्वांत कमी माहिती. अर्ज मंजुरीच्या वाटेवर जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातून ठाण्याकडे येतो. पोलीस घरी येतात किंवा ठाण्यात बोलावतात. आधार, शाळेचा दाखला, पत्त्याचा पुरावा आणि ओळखणारी दोन माणसे एवढी तयारी पुरते. अर्जात ज्या दोघांची नावे आणि मोबाइल दिले आहेत, ती माणसे गावातलीच हवीत आणि त्यांना आधी सांगून ठेवलेले हवे. ओळखच नसलेल्या मोठ्या माणसाचे नाव टाकले आणि पोलिसांनी फोन केल्यावर तो ‘आठवत नाही’ म्हणाला, तर झाले. पडताळणीसाठी कसलेही शुल्क नाही. कोणी मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

पोलीस आले तेव्हा माणूस घरी नव्हता, या एका कारणाने कितीतरी अर्ज मागे पडतात. ऊसतोडणीला गेलेली कुटुंबे दिवाळीनंतर चार-पाच महिने गावात नसतात. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला मुलगा गावाचा पत्ता देतो आणि शेजारी प्रामाणिकपणे सांगतात, ‘तो इथे राहत नाही.’ पोलीस तेच लिहितात. तोडणीवाल्यांनी अर्ज गावात असण्याच्या दिवसांत, म्हणजे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात टाकावा. शहरात राहणाऱ्यांनी जिथे खरोखर राहतो तो पत्ता द्यावा, त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार किंवा तिथला आधार पत्ता करावा. २०१८ पासून देशातल्या कोणत्याही पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करता येतो, पण पडताळणी अर्जातल्या पत्त्यावरच होते, हे विसरू नये.

आणि गुन्ह्यांचा प्रश्न. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, भाऊबंदकीतून गावात फिर्यादी होतात. कुणाकुणाची नावे त्यात गोवली जातात आणि दहा वर्षे खटला पडून असतो. अर्जात याबद्दल सरळ प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर खरे द्यावे. न्यायालयात खटला चालू असेल तरी वाट बंद नाही. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्या न्यायालयाची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळतो, न्यायालयाने मुदत लिहिली नसेल तर एक वर्षाचा. लपवले तर पडताळणीत उघडे पडतेच, आणि मग खोटी माहिती दिल्याचा ठपका वेगळा बसतो. जुने चॅप्टर केसचे (शांतता राखण्यासाठीच्या प्रतिबंधक कारवाईचे) प्रकरण निकाली निघूनही ठाण्याच्या नोंदीत तसेच दिसत असेल, तर तहसील कार्यालयातून आदेशाची प्रत काढून पडताळणीच्या वेळी दाखवावी.

पासपोर्ट छापून स्पीड पोस्टने येतो आणि तो अर्जदाराच्याच हाती, त्याच पत्त्यावर दिला जातो. पाकीट आधी उपडाकघरात आणि तिथून गावच्या शाखा डाकघरात पोहोचते. पिनकोड चुकला असेल किंवा त्या दिवशी अर्जदार रानात असेल तर ते परत जाऊ शकते. संदेश आल्याबरोबर शाखा डाकपालांना भेटून सांगून ठेवावे. पाकीट परत गेलेच तर प्रादेशिक कार्यालयात ओळखीच्या कागदांनिशी जावे लागते. अडलेल्या अर्जाची चौकशी १८००-२५८-१८०० या मोफत क्रमांकावर करता येते, फाइल क्रमांक हाताशी ठेवावा.

यातले बरेचसे काम व्यवस्थेने मनावर घेतले तर लोकांच्या खेपा वाचतील, म्हणून आपल्या दैनिकामार्फत तीन मागण्या मांडत आहोत. दहावीचे परीक्षा अर्ज भरल्यावर मंडळाकडून शाळेत दुरुस्तीसाठी प्री-लिस्ट येते. त्या दिवशी मुख्याध्यापकांनी प्रत्येक मुलाचे नाव, स्पेलिंग आणि तारीख जन्मदाखल्याशी व आधारशी पालकांसमोर जुळवून घ्यावी. त्या अर्ध्या तासात जी चूक सुधारते, ती पुढे मंडळाच्या कार्यालयात वर्षभर हेलपाटे घालूनही सुटत नाही. दुसरे, टपाल केंद्रांतल्या अपॉइंटमेंटची संख्या वाढवावी आणि पासपोर्टच्या फिरत्या गाड्या जिल्ह्याच्या ठिकाणी न थांबवता तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी आणाव्यात. तिसरे, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आपले गाव कोणत्या पोलीस ठाण्यात, कोणत्या पिनकोडमध्ये आणि कोणत्या शाखा डाकघराखाली येते, हे ठळक लिहावे. त्यात गावठाणाबरोबर वाड्या-वस्त्यांची नावे एकेक करून हवीत, कारण एकाच ग्रामपंचायतीच्या दोन वाड्यांचा पिनकोड वेगळा असल्याची उदाहरणे कमी नाहीत.

आपले नम्र,
गावपातळीवर पासपोर्ट अर्जांना मदत करणारे काही ग्रामस्थ